नमुना

सहा टोकांचा लाल पट्टा,
बकलावर कुठल्याशा परदेशी नावाची
एक अक्षर चुकलेली नक्कल.
अठ्ठावीसशे रुपये.
सन्मतीनं तो हारासारखा गळ्यात घालून दाखवला,
म्हणाला, ताई, अस्सल पंचवीस हजाराला आहे.
मी म्हटलं, मग हा कसला आहे?
म्हणाला, लालच आहे की.

हा आमच्या घरातला नमुना.
सहा दिवस उद्यमनगरात लेथवर,
रविवारी हुपरीच्या बाजूला माळावरल्या ट्रॅकवर.
गाडी म्हणजे चौदा वर्षं एका डॉक्टरीणबाईंनी
दवाखान्याला नेलेली झेन,
मागची सीट काढलेली, आत पाइपांचा पिंजरा.
पिंजरा चांगलाय. वेल्डिंग त्याचं,
आणि प्रत्येक जोड मी डाय मारून बघितलाय.

मी शिरोलीत, फौंड्रीच्या लॅबला.
माझं काम तोडणं.
दर हीटमागं एक कांडी येते,
दोन जबड्यांत धरते, ओढते.
काही मान बारीक करत तुटतात,
काही एक शब्द न बोलता.
आकडा लिहायचा, सही करायची.
माझ्या सहीशिवाय ट्रॅक्टरचा एक हबसुद्धा
गेटाबाहेर पडत नाही,
आणि माझा भाऊ
अठ्ठावीसशेच्या शिलाईवर
एकशेवीसनं वळणात शिरणार.

शनिवारी पाळी सुटल्यावर खाडेसाहेबांना विचारलं.
पट्टा? म्हणाले,
आणि खुर्ची ओढून शेजारीच बसले.
जबड्यांना लोखंडाची सवय,
पट्टा दोनदा निसटला,
मग पिनेला वेढा देऊन धरला.
काटा चढायला लागला.
तीनशे किलो. पाचशे.
सन्मती मांडीवर हेल्मेट घेऊन हसला, बघ.
सातशे चाळीसला
मक्याची एक लाही फुटावी तसा आवाज,
मग ओळीनं सगळ्या.
पट्टा जसाच्या तसा. दोरा गेला होता.

खाडेसाहेब म्हणाले, अठ्ठावीसशे गेले.
मी म्हटलं, तेवढेच गेले.

मग दस्तगीर कुशनवाल्याकडं.
ट्रकच्या सीटा शिवून त्याची बोटं सुईपेक्षा कडक.
उसवलेली शिवण त्यानं उजेडात धरली, वास घेतला,
परत दिली.
ताई, मी बसणाऱ्यांसाठी शिवतो.
उडणाऱ्यांसाठी नाही.

कोइमतूरच्या एका पोराचा जुना निघाला, सात हजाराला.
लेबलावर तारीख होती, दोन वर्षांमागची.
पट्टा काय दूध आहे का, सन्मती म्हणाला.
आईनं दोरीवरचं, उन्हात विटलेलं
तिचं जुनं लुगडं आणलं,
त्याच्या हातात दिलं, म्हणाली, फाड.
तो काही बोलला नाही.

माझी भिशी लागली होती. वॉशिंग मशीन ठरलं होतं.
त्यानं अलॉय व्हील विकली,
ज्यांच्याकडं बघून पोरं वळायची.
यादीतला सगळ्यात स्वस्त, पण तारखेचा,
चौदा हजार सहाशे.
काळा. लाल घ्यायचा तर पंधराशे जादा.

रविवारी मीच बांधला.
श्वास सोड, म्हटलं. सोडला.
ओढला.
अजून सोड.
ताई, नाष्टा वर येईल.
खांद्याखाली दोन बोटं सरकवून बघितली, जाईनात.
रोज तुटेपर्यंत ओढणारे माझे हात
कुठं थांबायचं ते विचारत होते.
मी आणखी एक ओढ दिली
आणि दार लावलं.

सातवा आला. नऊ जणांत.
रात्री खांद्यावर दोन लाल वळ,
आईनं विचारलं, कुणी मारलं रे?
खोबरेल चोळलं.

लाल पट्टा आता रेडकाच्या गळ्यात आहे,
शिवणीच्या जागी गाठ मारून.
चालतंय.
ते कुठं जोरात जातंय.